जाणूनबुजून चुकीचा फुटबॉल

१४ मार्च ७८, मंगळवार

सकाळी मालीश, मग व्यायाम. उजवा पाय जरासा उचलला. उजवा हात तसाच, पिळायचा राहून गेलेल्या कपड्यासारखा. जेवण ठीक. वरणभात कुस्करून. बोलणं: नाही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांना दवाखान्यातून घरी आणल्यापासून रोज हेच लिहून ठेवते आहे. पाचवीच्या पोरांनी असा निबंध दिला असता तर मीच 'पुन्हा लिही' म्हणून वही परत केली असती.

डॉ. म्हणाले, ऐकू येतं, कळतंही बरंच. फक्त शब्द सापडत नाहीत. आठवण किती शाबूत आहे ते बोलायला लागल्याशिवाय समजायचं नाही. दोन गोष्टी बजावल्या. एक, त्यांच्याशी सतत बोला. दोन, त्यांना राग येऊ देऊ नका. आमच्या संसारात ह्या दोन गोष्टी एकत्र कधीच जमलेल्या नाहीत, हे डॉक्टरला कोण सांगणार!

१७ मार्च, शुक्रवार

दिवसभर बोलले. शाळा, हेडबाई, शेजारच्या पापडांवर तुटून पडलेली माकडं, सगळं सांगून झालं. ह्यांचे डोळे पंख्यावर. शैला कॉलेजातून आली, दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आई, तू बाबांची हजेरी घेऊन राहिली का?"

खरं म्हणजे आम्ही बोलायचो तरी कशावर? ते कळमेश्वरहून बसने धुळीने माखून यायचे, कारखान्याचं काहीबाही सांगायचे, मी 'हं' म्हणायची. मी शाळेचं सांगायची, ते 'हं' म्हणायचे. आणि मग फुटबॉल. त्याला तर मी 'हं'सुद्धा म्हणत नसे. तरुणपणी रविवार न् रविवार त्या खेळापायी गेले, चिखलाच्या चड्ड्या मी धुतल्या. खेळणं सुटलं तर मासिकं सुरू झाली. पलंगाखाली अजून गठ्ठे आहेत. झाडू आत जात नाही.

२० मार्च, सोमवार

लग्नाचा फोटो दाखवला. भिंतीवरची जाहिरात बघावी तसं बघितलं आणि मान फिरवली.

फोटो तरी धड कुठे आहे म्हणा. नवरदेवाच्या उजव्या करंगळीला हळदीचं फडकं. अंगाला हळद लागल्यावर नवरदेवानं घराबाहेर पडायचं नसतं. हे पडले. मोमीनपुऱ्याच्या मैदानावर मॅच होती, दुसरा गोलकीपर तापानं फणफणलेला, तर हे तसेच पिवळेधमक होऊन गोलात जाऊन उभे राहिले. आले ते करंगळी मोडून. दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला होता, मी मान खाली घातलेली. कापडाच्या खालून मला आधी ह्यांचा तो सुजलेला हात दिसला, तोंड नंतर. आमच्या मामानं भर मांडवात विचारलं, "पोरात काही खोट आहे काय?" सासरे पार शरमून गेले. हे म्हणाले, "चेंडू लागला, मामाजी." एवढंच.

बोट वाकडं ते वाकडंच राहिलं. आता त्याच हाताला रोज तेल लावते. वाकडं आहे म्हणून त्यातल्या त्यात जिवंत वाटतं ते एक बोट.

फोटो कपाटात ठेवून दिला. उगाच काढला.

२६ मार्च, रविवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

जब्बारभाई आले होते. ह्यांचा जिवाभावाचा माणूस. सदरमध्ये सायकलचं दुकान आहे. हे गोलात असायचे तेव्हा जब्बारभाई डावीकडून बॅक खेळायचे. गप्पा हाणण्यात एक नंबर. कुठलीही गोष्ट फोडणी दिल्याशिवाय वाढायची नाही, असा खाक्या. ह्यांना असं पडलेलं बघून आधी पायांवरची चादर सारखी केली. मग माझ्याकडे वळून बोलायला लागले.

"भाभी, तुमको मालूम है? वर्ल्ड कप चोरी हो गया था! विलायत में. मॅचेस सुरू होनेके पहले. सारी पुलीस लग गयी. आखीर किसको मिला? एक बिल्ली को!"

पलंगावरून घोगरा आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. पाणी घेऊन धावले तर ह्यांनी डाव्या हातानं पेला ढकलला. तोंड लाल. ओठ वाकडेतिकडे होताहेत. "कु... कु..." आणि मग स्वच्छ, मोठ्यानं, जब्बारभाईंकडे बघून, "कुत्रं!"

शैला स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा काकांले कुत्रं म्हणून राहिले?"

जब्बारभाई डोळे पुसत होते. "बोलने दे बेटी. और बोलने दे."

नंतर मासिकात शोधलं. खरंच कुत्रं. सहासष्ट साली. चोरलेला कप कुंपणाच्या झुडपाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून टाकलेला होता, मालकाबरोबर फिरायला निघालेल्या कुत्र्यानं हुंगून काढला.

ह्यांचा पहिला शब्द. ना माझं नाव, ना लेकीचं. असो. मी देवापुढे साखर ठेवली.

२८ मार्च, मंगळवार

जब्बारभाईंनी 'किसको मिला' विचारलं तेव्हा हे गप्पच होते. चुकीचं सांगितलं तेव्हा बोलले. हे डोक्यातून जात नाही.

वर्गातही असंच होतं. प्रश्न विचारला तर कुणी हात वर करत नाही. फळ्यावर चुकून चुकीची बेरीज मांडली की मागच्या बाकावरचेसुद्धा ओरडतात, "बाई, चुकलं!"

मग मीच चुकीचं सांगितलं तर? पण जीभ वळेल का? जन्मभर दुसऱ्याच्या चुकांखाली लाल रेघ मारत आले.

१ एप्रिल, शनिवार

खोटं बोलायला सोयीचा दिवस.

पलंगाखालून गठ्ठा ओढला, इंग्रजी मासिक, शेजारी डिक्शनरी. पहिल्या वर्ल्ड कपची गोष्ट वाचली, मग मनात उलटी केली. पाठ केली चक्क. जवळ बसून म्हटलं, "अवो, ऐकून राहिले का? पहिल्या वर्ल्ड कपच्या फायनलले म्हणे एकच चेंडू होता. थो बी पंचानं घरून आणला होता."

बघितलं माझ्याकडे. मग डाव्या हाताची दोन बोटं वर.

"दोन पंच?"

"चें... चेंडू." श्वास. "दोन. अर्धा... अर्धा."

बरोबर आहे. दोन्ही देश आपापल्या चेंडूवर अडून बसले. शेवटी अर्धा खेळ एकाच्या चेंडूनं, अर्धा दुसऱ्याच्या. आणि ज्याचा चेंडू असे त्याची त्या वेळी सरशी. मोठी माणसं, केवढी ही लहान पोरांसारखी भांडणं! मला हसू आलं. ह्यांनाही आलं असावं. उजवी बाजू लोंबते म्हणून हसतात की नाही ते कळत नाही. सगळे चेहरे सारखेच दिसतात आता.

चार शब्द बोलले आज.

८ एप्रिल, शनिवार

आज म्हटलं, पूर्वी गोलकीपरला चेंडूला हात लावायची मनाईच होती. हा तर त्यांचा स्वतःचा प्रांत. असे काही चवताळले!

"लावे! अर्ध्या... अर्ध्या मैदानात!"

खरं निघालं. फार पूर्वी गोलकीपर आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हातात धरू शकायचा, नंतर नियम बदलला. मी म्हटलं, अरे बाप्पा, मग तर तुम्ही घरापर्यंतच आले असते चेंडू घेऊन. ह्यांनी मान हलवली. हो म्हणून.

१२ एप्रिल, बुधवार

त्या दोन चेंडूंच्या फायनलमध्ये शेवटचा गोल करणाऱ्या माणसाला उजवा हात कोपराखाली नव्हता. लहानपणी करवतीत गेला. मासिकात हे वाचलं. सांगावं की नको?

सांगितलं. उलटं करून. "एक पाय नव्हता म्हणे त्याले. कुबडी घेऊन गोल मारला."

हे ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "हात." मग आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग पुन्हा, "हात नव्हता. गोल... केला."

मला रडू फुटलं. लपवलं नाही. ह्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

१९ एप्रिल, बुधवार

लढाईच्या काळात इटलीत एका फुटबॉलवाल्यानं वर्ल्ड कप बुटाच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवला होता. मी सांगितलं, तिजोरीत. "खोकं! बुटाचं!" एका दमात. मग पलंगाखाली बोट दाखवलं. म्हणजे, मीही ठेवतो ते उगाच नाही. म्हटलं, हाव, तुमच्या पलंगाखाली बी वर्ल्ड कपच आहे, मले झाडायले जागा नाही.

पण मनात एक सल आहे, लिहून टाकते. काल शैलाला 'कुसुम' म्हणाले. कुसुम ह्यांची बहीण, वारली त्याला किती वर्षं झाली. शैला पाणी देऊन आत गेली. इटलीतलं खोकं आठवतं, लेकीचं नाव सापडत नाही. मला त्या फुटबॉलचा हेवा वाटतो. पूर्वी राग यायचा, आता हेवा.

लग्नाबद्दल विचारायचं धाडस नाही माझं.

२२ एप्रिल, शनिवार

शैलाशी वाजलं.

"तू बाबांले मुद्दाम चिडवून राहिली. मी ऐकते सगळं. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"बोलून राहिले ना पण!"

"लाल होते तोंड त्याईचं, पाह्यलं का? उद्या काही झालं तर?"

मी म्हटलं, तुले काय समजते. वाईट बोलले. तिचंही खरं आहे. रक्तदाब आहेच. पण गप्प राहून जगण्यापेक्षा... वाक्य पुरं करवत नाही.

२९ एप्रिल, शनिवार

माझ्याच हातानं करून बसले.

अठ्ठेचाळीस साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले लोक अनवाणी खेळले. मी म्हटलं, "आपले सगळे गडी बूट घालून खेळले, अन् म्हणूनच हरले." मला काय ठाऊक ते ह्यांना इतकं लागेल? हे स्वतः कितीतरी वर्षं अनवाणीच खेळले. उठून बसायचा प्रयत्न केला. "नाई! नाई! पाय... पाय..." शब्द अडकला, तोंड काळंनिळं, लाळ घशात गेली, ठसका थांबेना. शैलानं पाठीवर थापट्या मारल्या. मी नुसती उभी.

डॉ. येऊन इंजेक्शन देऊन गेले. मला बाहेर बोलावून म्हणाले, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात ना?

संध्याकाळी झोपले तेव्हा कानाशी जाऊन खरं सांगितलं. आपले बहुतेक सगळे अनवाणी होते, फ्रान्सशी खेळले, दोन पेनल्टी हुकल्या, एकाच गोलाचा फरक राहिला. नाहीतर जिंकलेच होते. ऐकलं की नाही देव जाणे.

३ मे, बुधवार

मासिकं परत पलंगाखाली. आता काही सांगत नाही. गीता वाचते. हे भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बोलणं: नाही.

ऊन असं की कूलरला वारंवार पाणी लागतंय. जब्बारभाई येऊन गेले. मी दारातच सांगितलं, फुटबॉलचं काही काढू नका. बिचारे हवापाण्यावर बोलत बसले, पण त्यांना काही ते जमेना. लवकर उठले.

९ मे, मंगळवार

दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून आले तर हे डाव्या हातानं पलंगाखाली चाचपत होते. पडतील म्हणून धावले. हाताला एक मासिक लागलेलं, ते माझ्याकडे ढकललं.

"सांग."

म्हटलं, "नाही सांगत. मागच्या वेळी काय झालं?"

"चुकीचं... सांग."

मी मासिक खाली ठेवलं. मग विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

मान हलवली.

"कधीपासून?"

एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. "मास्तरीण... चुकत नाई."

मला हे फक्त ते म्हणतात. मास्तरीण. मी नवी नवी शाळेत लागले तेव्हापासून. दवाखान्यातल्या त्या सगळ्या दिवसांत मी ह्याच एका शब्दाची वाट बघत होते, हे आज कळलं. पहिल्याच दिवशी ओळखलं असणार ह्या माणसानं. बायको उगाच डिक्शनरी घेऊन बसत नाही, आणि बसली तर चुकत नाही. माझ्यासाठी चिडायचे? का खरंच चिडायचे आणि माझ्यासाठी बोलायचे?

शैलाला सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिला वाईट बोलले होते त्याचीही मिटवामिटव झाली.

२० मे, शनिवार

आता हा आमचा खेळच झालाय. राग नाही त्यात, म्हणून शैलाची हरकत नाही. ह्यांनी नियमही बसवला. पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना एका इंग्रज पंचाला सिग्नलपाशी गाडी थांबली असताना सुचली, असं मासिकात होतं. मी सांगितलं, भाजीवाल्याच्या टोपलीतले आंबे-टमाटे बघून सुचली. ह्यांनी उशीजवळची माझी लाल पेन्सिल उचलून माझ्या नाकासमोर धरली. म्हणजे लाल कार्ड, मैदानाबाहेर काढलं मला! तेव्हापासून प्रत्येक चुकीला लाल पेन्सिल. चेकिंगची ती पेन्सिल आज माझ्यावरच.

बरोबरीत सुटलेली एक मोठी मॅच, युरोपातली, नाणं उडवून ठरवली होती. मी म्हटलं, खो-खो खेळून ठरवली. हे हसले. आवाज करून हसले. आता संशय नको.

आठवणीचं मात्र कळत नाही. वर्ल्ड कपांची सालं तोंडपाठ. शैलाचं नाव आता बरोबर घेतात. पण समोरच्या घरातल्यांना ओळखलं नाही. कारखान्यातला एक जण भेटायला आला, त्याच्याशी गोड बोलले आणि तो गेल्यावर मला विचारलं, "कोण वं हा?"

४ जून, रविवार

अर्जेंटिनात वर्ल्ड कप लागलाय. रेडिओवर थोडं, पेपरात थोडं. जब्बारभाई पेपर घेऊन येतात आणि वाचताना स्वतःच्या पदरचं घालतात. ह्यांच्याजवळ लाल पेन्सिल तयारच. "जब्बार... खोटा." काठी धरून दारापर्यंत चालले आज. मी कोथिंबिरीची सांबारवडी केली, जब्बारभाईंनी तिखट म्हणत म्हणत ताटली पुसून खाल्ली.

१३ जून, मंगळवार

गंमत झाली. पेपरात वाचलं: फ्रान्स आणि हंगेरी, दोन्ही संघ पांढरेच शर्ट घेऊन मैदानावर आले. दुसरे आणलेलेच नाहीत. मग गावातल्या एका साध्या क्लबचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट मागून आणले, ते घालून फ्रान्सवाले खेळले. एवढा मोठा देश, उसन्या शर्टांत. आणि जिंकले!

हे मी जसंच्या तसं सांगितलं. अक्षर इकडचं तिकडे न करता. लाल पेन्सिल वर!

"खरं आहे हो."

"खोटं."

"शप्पथ!"

"मास्तरीण... आता भल्ली चुकते." आणि हसणं. पेपर डोळ्यांसमोर धरला तरी मानेनात. संध्याकाळी जब्बारभाई आले, त्यांनीही ह्यांना सांगितलं, "सच है मधू." झालं, जब्बारभाई हो म्हणाले म्हणजे तर नक्कीच खोटं.

लांडगा आला रे आला अशी गत झाली माझी. रोज खोटं सांगून सांगून खऱ्याची पतच राहिली नाही. हसून हसून पोट दुखलं. पण अंथरुणावर पडल्यावर वाटलं, आता कधी मला ह्यांना काही खरं सांगायचं असेल तर?

२७ जून, मंगळवार

शाळा सुरू. रजा संपली. दुपारी जब्बारभाई दुकान बंद ठेवून येतात, मी नको म्हटलं तर म्हणाले, "भाभी, बीस साल ये गोल में मेरे पीछे खडा था. अब मैं इसके पीछे."

पाचवी ब नवीन. फळ्यावर मुद्दाम एक चूक केली. सगळे ओरडले. बरं वाटलं.

२ जुलै, रविवार

संध्याकाळी मालीश. तेल कोमट करून वाटी घेऊन बसले. खांदा, कोपर, मनगट, मग एकेक बोट. करंगळीशी आले तर हे तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "हे... दारात सापडलं."

"काय?"

"बोट. लहानपणी दारात सापडलं होतं." वाक्य नीट होतं. एवढं नीट वाक्य हे कधीचे बोलले नव्हते.

माझा हात थांबला. तोंडाकडे बघितलं. उजवी बाजू लोंबलेली, डावीकडचा ओठ जरासा वर. तो नेहमीच जरासा वर असतो. डोळे तेलाच्या वाटीवर. लाल पेन्सिल उशीजवळ पडलेली. ती मी उचलायची आहे का आज? माझ्यावरचा डाव माझ्यावरच उलटवताहेत का? का हळद, अंतरपाट, मामा, मी, सगळंच दारात सापडून गेलं?

विचारायची हिंमत झाली नाही. 'आठवत नाही का' म्हटलं आणि 'नाही' म्हणाले तर? मी पेन्सिल उचलली आणि वर धरली.

"चूक," म्हटलं. आवाज वर्गातला काढला, नाहीतर फुटला असता. आणि सांगायला बसले. पहिल्यापासून. अंगाला हळद लागलेली, दुसऱ्याला ताप, मोमीनपुऱ्याचं मैदान, पिवळेधमक तुम्ही. मग मांडव, भटजींची घाई, मी खाली बघून राहिली अन् कापडाखालून तुमचा हात. मामा काय म्हणाले, तुम्ही काय म्हणाले. माझ्या मनात तेव्हा काय आलं तेही सांगितलं, कधी नव्हतं सांगितलं. की तोंड कसंही असो, ज्याचा हात असा सुजलेला आहे त्याला जपून धरायला लागेल. आणि मी हात दिला तेव्हा करंगळी सोडून धरला होता.

हे ऐकत होते. मधेच डोळे मिटले. माझं संपल्यावर उघडले.

"गोल... झाला?"

मला समजेना. "कोणता गोल?"

करंगळीकडे मान हलवली. "चेंडू. आत... गेला?"

इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे. हळदीकुंकवाला, स्टाफरूममध्ये, शैलाला झोपवताना. बोट मोडलं एवढंच सांगते. ज्या चेंडूनं मोडलं त्याचं काय झालं, अडला की गेला, हे मी कधी विचारलंच नाही. ह्यांना ते सांगायचं असेल. मी फुटबॉल म्हटलं की उठून आत जायची. आता त्यांना आठवत नसेल म्हणून विचारताहेत, की मला कधीतरी विचारावंसं वाटतं का ते बघताहेत?

एकच रस्ता माहीत आहे मला.

"हाव," मी म्हटलं. "गेला आत. तुमच्या बोटाले लागून सरळ आत गेला."

आणि बघत राहिले.

लाल पेन्सिल माझ्याच हातात होती. त्यांनी ती मागितली नाही. डाव्या हातानं उजवा हात उचलला, करंगळीवर मूठ मिटली, आणि दोन्ही हात पोटाशी ओढून घट्ट धरले. गोलकीपर चेंडू धरून बसतो तसे. का नुसतं दुखत होतं म्हणून, कोण जाणे.

जब्बारभाई त्या मॅचला ह्यांच्याच पुढे बॅक खेळत होते. त्यांना विचारता येईल. पण विचारणार नाही, ते काहीही सांगतील.

वाटीतलं तेल थंड झालं होतं. आत जाऊन परत कोमट करून आणलं.